सोमवारचा बर्फ

देव आहे की नाही, हा प्रश्न मला कधी पडला नाही. आमच्या रत्नागिरीकडच्या गावात तसा प्रश्न पडायला कोणाला सवडही नसते. मला पडायचा तो प्रश्न वेगळा होता. तो आहे हे ठीक, पण माझं ऐकतो का? माझी सगळी नोकरी गावच्या प्राथमिक शाळेत गेली. त्यामुळे खरोखर ऐकणारा आणि नुसतं ऐकल्यासारखं करणारा, यांतला फरक मला चटकन कळतो. ऐन जूनच्या उकाड्यात बहारीनच्या विमानतळावर मी अंगात लोकरीचा स्वेटर आणि पायात लोकरीचे मोजे घालून उभी होते. काउंटरपलीकडची मुलगी माझा पासपोर्ट पुन्हा पुन्हा उलटत होती. त्या क्षणी माझी खात्री झाली की आमचा शंकर मागच्या बाकावरच्या पोरांसारखा आहे. मान हलवतो आणि लक्ष भलतीकडेच असतं.

सांगायचं तर मुळापासून सांगायला हवं. मी पाचवीला भूगोल शिकवायची. हिमनदीचा धडा आला की फळ्यावर खडूने दोन डोंगर काढायची, त्यांच्या मधून एक रुंद पट्टा खाली आणायची आणि सांगायची, मुलांनो, हा बर्फ आहे पण हा वाहतो, फक्त इतका सावकाश वाहतो की माणसाला दिसत नाही. एका वर्षी एका मुलीने विचारलं, "बाई, तुमी बगितलाव काय?" मी म्हटलं, नाही. ती म्हणाली, "मग तुमाला कसा म्हायत?" वर्ग हसला, मीही हसले, पण ते बोलणं कुसळासारखं आत रुतून बसलं. घरी येऊन ह्यांना सांगितलं. हे पोस्टात होते, जगाचे पत्ते तोंडपाठ आणि जाणं मात्र तालुक्याच्या गावापुढे नाही. हे म्हणाले, रिटायर झालो की गंगोत्रीला जाऊ, तिथून गोमुख, मग तुझ्या हाताने तो बर्फ चाचपून बघ. त्यानंतर दर वर्षी काहीतरी निघायचं. एकदा घराची कौलं, एकदा मुलाची परीक्षा, एकदा माझंच पित्त. शेवटी हे रिटायर झाले आणि त्याच पावसाळ्यात गेले.

माणूस गेल्यावर त्याच्याबरोबर ठरवलेल्या कितीतरी गोष्टी मागे राहतात. बाकीच्या हळूहळू विरून जातात, एखादीच मनाला धरून बसते. मला त्या बर्फाने धरलं. शंकर आमचं दैवत, सोमवार मी लग्नाआधीपासून करते. हिमालय म्हणजे पार्वतीचं माहेर, तेव्हा तसा हा घरजावईच. पण सासरी जाऊन राहिलेल्या देवाला एकदा त्याच्या घरी भेटावं, त्या कधी न संपणाऱ्या बर्फाला तळहात लावावा आणि मनातल्या मनात ह्यांना सांगावं की बघा, पोचले, एवढंच माझं मागणं होतं. पहाटे जाग आली की त्याचाच विचार यायचा. मी काही सोनंनाणं मागत नव्हते.

माझा मुलगा संदेश बहारीनमध्ये एसीच्या कामावर सुपरवायझर आहे. सून प्रणाली ईसा टाउनच्या एका शाळेच्या ऑफिसात काम करते आणि नात स्वरा त्याच शाळेत चौथीत आहे. जवळच्याच सनद नावाच्या वस्तीत एका दुमजली घराच्या वरच्या मजल्यावर त्यांचं बिऱ्हाड आहे. मी अधूनमधून व्हिजिट व्हिसावर येते. संदेशला गंगोत्रीचं सगळं माहीत आहे, पण उन्हाळा म्हणजे त्याच्या धंद्याचा हंगाम, तेव्हा त्याला रजा कशी मिळणार? मिळते ती बकरी ईदची सुट्टी. यंदा तोच म्हणाला, "आई, जॉर्जियाला जाऊया. विमानाने थोडक्या तासांचा प्रवास. तिथे डोंगरातल्या एका गावात राहायचं, सकाळी जीपने निघायचं, थोडं चढायचं, हिमनदीला हात लावून संध्याकाळी परत. तुझ्या गुडघ्यांना झेपेल." इथली बरीच माणसं हल्ली ईदच्या सुट्टीत तिकडे जातात, कारण बहारीनचं रेसिडेंट कार्ड असलं की तिथे व्हिसा काढावा लागत नाही. मी विचारलं, पण तो शंकराचा हिमालय नव्हे ना? तो म्हणाला, "बर्फ तोच गो." मला ते पटलं. गावाहून येताना देवाच्या डब्यात बेलाची पानं आणली होती. ती सुकली होती, पण बेल शिळा होत नाही. मी ती एका रुमालात बांधून घेतली.

चूक कोणाची म्हणाल तर कोणा एकाची नाही. इथे राहून राहून माणसाला वाटायला लागतं की खिशात कार्ड असलं की सगळे दरवाजे उघडे. संदेशकडे कार्ड, प्रणालीकडे कार्ड, एवढ्याशा स्वराकडेसुद्धा कार्ड. तिकिटं त्यानेच मोबाइलवर काढली, आणि आई इथली रहिवासी नाही, इथे ती पाहुणी आहे, हे त्याच्या ध्यानातच आलं नाही. आईला पाहुणी समजला नाही म्हणून तो चुकला, हे मला पुष्कळ नंतर सुचलं. काउंटरवरची मुलगी हिंदीत म्हणाली, "मदर का रेसिडेन्सी नहीं है सर. मदर नहीं जा सकती." संदेशने कोणाकोणाला फोन लावले, वरच्या साहेबाला बोलवायला लावलं, हात जोडले. काही उपयोग झाला नाही. त्याचा चेहरा दहावीला गणितात मार्क कमी पडले होते तेव्हा झाला होता तसाच झाला. म्हणाला, "कॅन्सल करतो सगळं. घरी जाऊया." स्वरा आपल्या नव्या जाकिटाची चेन वर-खाली करत उभी होती. त्या पोरीने महिनाभर त्या बर्फाची चित्रं काढली होती. मी वर्गात वापरायचे तो आवाज काढला आणि म्हटलं, तुम्ही जायचं, नाहीतर मी उद्याच्या विमानाने गावी जाते. मग रुमालातला बेल स्वराच्या हातात दिला. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीत येतं. म्हणाली, "आजी, आय विल पुट इट ऑन द आइस. प्रॉमिस." सोमवारी दुपारपर्यंत बर्फाजवळ पोचू, पोचलो की तुला व्हिडिओ कॉल करतो, असं संदेशने कबूल केलं.

मला न्यायला रीटा आली. ती समोरच्या दारात राहते. वसईची आहे, इथल्या हॉस्पिटलात नर्स आहे, आणि तिचा नवरा जहाजावर असल्यामुळे बहुतेक वेळ एकटीच असते. गाडीत माझा स्वेटर बघून तिने फक्त एसी वाढवला. थोड्या वेळाने म्हणाली, "मावशी, रडायचं तर रडा. मी रस्त्याकडे बघते." मला रडू आलं नाही. मला राग आला होता, आणि तो संदेशचा नव्हता की त्या काउंटरवरच्या मुलीचाही नव्हता. इतकी वर्षं सोमवार केले, पावसापाण्यात देवळाच्या पायऱ्या चढले, आणि विमानाच्या दारापर्यंत नेऊन याने मला परत पाठवलं. घरी आले, स्वेटर काढून त्याची घडी घातली आणि देव्हाऱ्याकडे पाठ करून बसले. या वयात असं रुसणं शोभत नाही हे मला कळत होतं, पण रुसायला आता दुसरं माणूस तरी कुठे उरलं होतं?

रविवारी संध्याकाळी माझ्या डोक्यात ते आलं. गावाकडे लोक काही हवं असलं की देव पाण्यात ठेवतात. मी म्हटलं, मी स्वतःलाच पाण्याविना ठेवते. उद्या सोमवार. उद्या निर्जळी. स्वरा बर्फावर बेल वाहील आणि मला फोनवर ते दिसेल, तेव्हाच पाण्याचा घोट घेईन. तू मला येऊ दिलं नाहीस ना? मग बघ आता, मीही काही कमी नाही. हे मी देव्हाऱ्याकडे तोंड करून मोठ्याने बोलले. याला भक्ती म्हणावं की भांडण, हे माझं मलाच ठरवता येत नाही. आमच्याकडे चैत्र-वैशाखातसुद्धा मी निर्जळी केलेली आहे, त्याचा थोडा तोराही होता. पण तिथे घराला ओटी असते, मागे विहीर असते, झाडं असतात. इथला जून म्हणजे काय प्रकरण आहे, हे एसीत बसून मला कधी कळलंच नव्हतं.

सोमवारी रीटाची दिवसाची ड्यूटी होती. सकाळी दारातून डोकावून ती म्हणाली, "मावशी, चहा झाला का?" मी हो म्हटलं. हे खोटं बोललेलं शंकराने ऐकलं असणार, कारण ते ऐकायला तो बरोबर हजर असतो. पूजा केली, जप केला, फोन समोर ठेवून बसले. माझ्या फोनमध्ये गावचं सिम आहे, ते इथे फक्त घरातल्या वायफायवर चालतं. ऊन चढलं. घसा सुकला होता, पण त्यात एक समाधानही होतं, आपण कुणाला तरी आपला हट्ट दाखवतोय याचं. आणि मग एकाएकी सगळं गप्प झालं. एसी बंद, फ्रीज बंद, वायफायच्या डब्यावरचे दिवे बंद. मी बटणं वर-खाली करून बघितली, काही झालं नाही. एसी सुपरवायझरच्या घरातला एसी बंद पडला, आणि फोन यायचा मार्गही त्याच्याबरोबर बंद झाला.

उकाड्याचं मला तेवढं वाटलं नाही. मला एकच भीती वाटली. ते आता बर्फाजवळ पोचतील, फोन लावतील, आणि तो लागणार नाही. त्या बर्फाचं निदान दर्शन तरी व्हायचं होतं, तेही जाईल. रीटाचं दार बंद. खाली घरमालक राहतात, ते ईदसाठी नातेवाइकांकडे गेले होते. रस्त्याच्या टोकाला एक कोल्ड स्टोअर आहे. इथे किराणा-दुधाच्या छोट्या दुकानाला कोल्ड स्टोअर म्हणतात. तिथला केरळी दुकानदार ओळखीचा आहे, त्याचं वायफाय मागू, असं ठरवून मी पायात चपला सरकवल्या आणि फोन घेऊन खाली उतरले. बाहेरची हवा अंगावर आली तेव्हा भाकरीच्या तव्यावर वाकल्यासारखं झालं. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. घरांच्या भिंती नुसत्या पांढऱ्या, त्यांच्याकडे बघवत नव्हतं. कशीबशी दुकानापर्यंत गेले, तर दुकान दुपारसाठी बंद. म्हटलं जरा पायरीवर बसू आणि परत जाऊ. बसले ती उठताच येईना. हातपाय माझे नव्हतेच जणू. गंमत म्हणजे घामही येत नव्हता. डोळ्यांपुढे सारखा तो फळा येत होता, त्यावरचे दोन डोंगर आणि मधला पांढरा पट्टा, आणि ह्यांचा आवाज, की चाचपून बघ.

एक पांढरी पिकअप पुढे गेली, थांबली आणि मागे आली. तिच्यातून उतरला तो साधारण माझ्याच वयाचा एक बहारीनी माणूस होता. कमरेला लुंगी, डोक्याला गुंडाळलेला चौकड्यांचा रुमाल, आणि अंगाला मासळीचा वास. तो मासे विकणारा होता, हे कोकणातल्या बाईला डोळे मिटूनही कळलं असतं. त्याने मला विचारलं, "अम्मा, इदर काएको बैठा? बहुत गरम." मला बोलता येईना. त्याने मला दंडाला धरून भिंतीच्या सावलीत सरकवलं, गाडीतून पाण्याची बाटली आणली, झाकण काढलं आणि माझ्या तोंडाशी धरली. मी मान फिरवली. त्याने पुन्हा धरली, मी पुन्हा मान फिरवली. तो गोंधळला. मग त्याने माझ्या कपाळावरच्या विभूतीकडे बघितलं, हाताने तोंड झाकल्याची खूण केली आणि विचारलं, "रोजा?" मी होकाराची मान हलवली.

तो माझ्यासमोर खाली बसला. चिडला नाही की हसलाही नाही. एखाद्या जुन्या जाणत्या माणसाने घरातल्या हट्टी बाईला समजवावं तसा म्हणाला, "अम्मा, तुम बीमार. बीमार आदमी, रोजा मफी." मफी म्हणजे नाही. इथे सगळेच तो शब्द वापरतात, तेवढं मला कळत होतं. मी तरीही तोंड उघडलं नाही. त्याने आकाशाकडे बोट केलं आणि म्हणाला, "वो जानता. तुम रोजा किया, वो देखा. अबी खलास. अल्ला करीम." त्यावर मी काय केलं असेल? मी रडायला लागले. विमानतळावर न आलेलं, घरी न आलेलं सगळं रडू त्या कोल्ड स्टोअरच्या पायरीशी एका परक्या माणसापुढे आलं, पण डोळ्यांतून पाणी काही येत नव्हतं. अंगात पाणी शिल्लकच नव्हतं.

त्याने वाद घातला नाही. तो उठला आणि पिकअपच्या मागच्या मोठ्या पेटीचं झाकण उघडलं. डोक्याचा रुमाल सोडून त्यात ओंजळी भरभरून बर्फ घेतला आणि त्याचं गाठोडं माझ्या मानेवर ठेवलं. मग एक मोठा खडा, नारळाएवढा असेल, उचलून आणला आणि माझे दोन्ही तळहात धरून त्यावर टेकवले. सोमवार, निर्जळी, आणि अंगावर मासळीचा बर्फ. एरवी मी किंचाळले असते. वास तर असा होता की त्यात कोणती मासळी गेली असेल ते मी सांगू शकले असते. पण तो गारवा तळहातातून मनगटात, मनगटातून कोपरापर्यंत चढत गेला आणि माझ्या आतलं काहीतरी एकदम खाली बसलं. मानेवरच्या गाठोड्यातून थेंब थेंब पाणी पाठीवर उतरत होतं. आमच्या गावी वैशाखात शंकराच्या पिंडीवर गळती टांगतात, तळाला भोक पाडलेलं तांब्याचं भांडं. देवाला उन्हाळा सोसू नये म्हणून दिवसभर त्यातून पिंडीवर धार लागलेली असते. आमच्या वाडीच्या पाळीला ते भांडं मी कितीतरी वर्षं भरलं आहे. त्या पायरीवर बसून मला वाटलं, आज पाळी त्याची आहे. आज तो मला गार करतोय, आणि मी त्यालाच हट्ट दाखवत बसले आहे.

हा विचार माझा होता की तापलेल्या डोक्याचा, यावर मी वाद घालणार नाही. मला एवढं आठवतं की मी स्वतः हात पुढे केला आणि म्हटलं, "पानी." त्याने बाटली दिली. बेल वाहिला गेला होता की नाही, मला माहीत नव्हतं. फोन आला नव्हता, बर्फ दिसला नव्हता, माझी अट तशीच लटकत होती. आणि मी पाणी प्यायले. पहिला घोट घशाखाली जायला वेळ लागला. तो माणूस "शोय शोय" म्हणत होता. हळूहळू, असं त्याला म्हणायचं असावं. मी फोनमधला रीटाचा नंबर दाखवला, त्याने आपल्या फोनवरून तो लावला. ती पलीकडून सांगत गेली तसतसा तो बर्फ काखेत, मानेवर, पायांवर ठेवत गेला. ती येईपर्यंत त्याने आपली निम्मी पेटी माझ्यावर रिकामी केली होती. उरलेली मासळी उन्हात नरम पडली असणार.

रीटाने मला तिच्याच हॉस्पिटलात नेलं. सलाइन लावलं. वसईची माणसं बोलायला लागली की ऐकत राहावं लागतं, आणि ती तर घाबरलेली होती. "मावशी, घाम थांबला होता तुमचा. कळतंय का तुम्हाला, म्हणजे काय ते? अजून थोडा वेळ गेला असता तर मी आज संदेशला काय तोंड दाखवलं असतं?" संध्याकाळी तिने मला घरी आणलं, दारामागचा एक छोटा डबा उघडला आणि आतलं एक बटण वर केलं. एसी सुरू झाला, फ्रीज सुरू झाला, वायफायचे दिवे लागले. एवढंच करायचं होतं. मी त्या बटणाकडे बघत राहिले, आणि मग आम्ही दोघी हसलो. ते हसणं जरा जास्तच लांबलं.

फोन तेव्हाच आला. पडद्यावर आधी आभाळ दिसलं, मग संदेशचं नाक, मग स्वरा. ते परत गावात उतरले होते, वर रेंजच नव्हती. म्हणजे एसी चालू असता आणि मी घरात फोनपुढे बसून असते तरी दुपारी मला कोणाचाही फोन येणार नव्हता. संदेशने काढलेला व्हिडिओ मला पाठवला, तो मी उघडला. मी कल्पना केली होती तसा तो बर्फ पांढराशुभ्र नव्हता. राखेसारखा करडा, धुळीने भरलेला, अंगावर दगड वागवणारा, प्रचंड, आणि त्याच्या खालून पाणी गर्जत बाहेर पडत होतं. एका फटीत मात्र आतला निळा रंग दिसला आणि माझा जीव तुटला. जीप चालवणाऱ्याने त्यांना बर्फाच्या खूप अलीकडे असलेला एक खडक दाखवला होता. तो स्वतः लहान असताना बर्फ त्या खडकापर्यंत होता म्हणे. इतकं मागे गेलंय ते सगळं. मी पडद्यावर बोट ठेवलं, तर व्हिडिओच थांबला. ह्यांनी हे बघितलं असतं तर काय म्हणाले असते, हे मला कधीच कळणार नाही, आणि त्या क्षणी त्याचं जेवढं दुःख झालं तेवढं हे गेले त्या दिवशीसुद्धा झालं नव्हतं.

स्वरा कॅमेऱ्याकडे बघतच नव्हती. मी विचारलं, काय गं, आवडला नाही का बर्फ? तिने जाकिटाच्या खिशातून रुमाल काढला आणि कॅमेऱ्यापुढे धरला. बेल तसाच्या तसा होता. "आजी, आय फर्गॉट. आय टच्ड इट अँड इट वॉज सो कोल्ड अँड आय जस्ट फर्गॉट." आणि ती हमसून रडायला लागली. बर्फाला हात लावला आणि बाकी सगळं विसरली, एवढाच तिचा गुन्हा. रीटा माझ्याकडे बघत होती. माझ्या अटीबद्दल मी तिला हॉस्पिटलात सांगितलं होतं. तिने आपल्या छातीवर हळूच क्रूसाची खूण केली. मी ज्याची वाट बघत पाणी सोडून बसले होते ते घडलंच नव्हतं, आणि त्या दिवशी घडणारही नव्हतं. मी स्वराला म्हटलं, रडू नको बाळा. तू हात लावलास ना, तिथेच वाहिला गेला तो. आजीने तर केव्हाच पाणी प्यायलं.

ते परत आल्यावर रीटाने सगळं सांगितलं, आणि संदेश दोन दिवस माझ्याशी धड बोलला नाही. मग एका संध्याकाळी माझ्या शेजारी येऊन बसला. म्हणाला, "पुढच्या मे महिन्यात बिनपगारी रजा टाकतो. गंगोत्रीला जाऊया. गोमुखापर्यंत जमेल तेवढं." मी म्हटलं, बघू. त्याला वाटलं, माझी हौस फिटली. ती फिटलेली नाही. तो निळा रंग बघितल्यापासून उलट जास्तच झाली आहे, आणि तो बर्फ मागे मागे सरकतोय हे कळल्यापासून जिवाला घोरही लागला आहे. पण पूर्वी त्या इच्छेला एक धार होती, ती आता नाही. पूर्वी मी मागायची आणि मिळत नाही म्हणून मोजत बसायची. आता नुसतं वाटत राहतं, आणि त्या वाटण्यात तोही जवळ असतो.

असे अनुभव सांगताना लोक म्हणतात की तो माणूस नंतर कोणाला कधी दिसलाच नाही. आमचा माणूस दिसतो. त्याला अबू जासिम म्हणतात, तो सकाळी मशिदीजवळच्या वळणावर पिकअप लावतो, आणि प्रणाली म्हणते की वजनात थोडा हात मारतो. त्याचा रुमाल मी धुतला, पण मासळीचा वास गेला नाही. इस्त्री करून ठेवला आणि पुढच्या सोमवारी संदेशला घेऊन द्यायला गेले. ईदची सुट्टी संपली होती, वळणावर गर्दी होती. त्याने रुमाल हुंगला, हसला आणि डोक्याला गुंडाळला. मी हात जोडले. त्याने माझ्या कपाळावरची विभूती बघितली आणि विचारलं, "अम्मा, आज रोजा?"

मी म्हटलं, "हां, रोजा."

त्याने बर्फात हात घातला आणि पाण्याची बाटली काढून माझ्यापुढे धरली. संदेश पुढे होऊन काहीतरी सांगायला लागला, की आईचा आज उपास आहे, तिला चालणार नाही. मी त्याला बाजूला केलं. बाटली उघडली आणि सगळ्या गिऱ्हाइकांपुढे, भर उन्हात, ते पाणी शेवटच्या थेंबापर्यंत प्यायले. देवा, तुझ्या दारी यायचं अजून राहिलं आहे, आणि मला यायचं आहे. पण तू माझ्या दारी येऊन गेलास, हे मी विसरणार नाही.